खोटे व्हायरस अलर्ट आणि नको असलेली सॉफ्टवेअरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्क्रीनवर लाल पान आलंय, भोंगा वाजतोय, बंदच होत नाहीये. काय करू?

आधी स्पीकर म्यूट करा. तो आवाज चालू असेपर्यंत डोकं चालत नाही आणि तो लावलेला त्यासाठीच असतो. "कॉम्प्युटर बंद केलात तर डेटा कायमचा जाईल" वगैरे लिहिलेलं असेल ते साफ खोटं. त्यातला नंबर फिरवायचा नाही, पानावरचं कुठलंच बटण दाबायचं नाही, अगदी कोपऱ्यातली फुलीसुद्धा नाही, कारण ती बऱ्याचदा नुसतं चित्र असते, ब्राउझरची खरी फुली नसते.

आता एस्केपचं बटण दोन-तीन सेकंद दाबून धरा. पान फुल स्क्रीन पसरलेलं असतं म्हणून टॅब दिसत नाहीत, ॲड्रेस बार दिसत नाही आणि अख्खा कॉम्प्युटरच अडकलाय असं वाटतं. एस्केपने ते आखडलं की टॅब बंद करा. नाहीच झालं तर विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात ब्राउझर निवडून एंड टास्क. मॅकवर कमांड, ऑप्शन, एस्केप आणि मग फोर्स क्विट. तेही जमेना तर सरळ पॉवरचं बटण दाबून धरून मशीन बंद करा, सेव्ह न केलेलं काम जाईल तेवढंच.

आणि हो, नंतर ब्राउझर उघडलात की तो विचारेल मागची पानं परत उघडू का, तिथे नाही म्हणा. बरेच जण सवयीने हो म्हणतात, तेच लाल पान परत येतं आणि मग त्यांची खात्रीच पटते की व्हायरस खरा आहे.

पण त्यात माझा आयपी ॲड्रेस, शहर, विंडोजचं व्हर्जन सगळं बरोबर होतं. मग खोटं कसं?

हे सगळं तुम्ही उघडलेल्या प्रत्येक वेबसाइटला कळतं. आयपी ॲड्रेस कळल्याशिवाय ती पान पाठवणार कुठे, आयपीवरून शहराचा साधारण अंदाज बांधता येतो, आणि ब्राउझर कुठला, सिस्टिम कुठली हे ब्राउझर स्वतःच सांगत असतो. त्यात जासूसी काही नाही.

तुमच्या हार्ड डिस्कवर काय पडलंय ते मात्र वेब पेजला बघता येत नाही, ब्राउझर ते बघूच देत नाही. रस्त्यावरून कुणी ओरडलं की तुमच्या बंद घरात साप शिरलाय, तर त्याला तो दिसला कुठून हा प्रश्न पहिला पडायला हवा, इथेही तोच विचारायचा. ती सरकणारी हिरवी पट्टी, भराभर पळणारी फायलींची नावं, "५ व्हायरस सापडले", हे सगळं आधीच बनवून ठेवलेलं ॲनिमेशन असतं. यातली काही पानं मॅकवर उघडली तरी सी ड्राइव्हमध्ये व्हायरस सापडल्याचं सांगतात, आणि सी ड्राइव्ह तर मॅकमध्ये नसतोच.

मग खरा अलर्ट कसा असतो?

कंटाळवाणा असतो. विंडोज सिक्युरिटीचा असेल तर खाली उजव्या कोपऱ्यात छोटीशी सूचना, अमुक सापडलं आणि हटवलं, संपलं. शंका आली तर त्या सूचनेवर क्लिक न करता स्टार्ट मेनूमधून स्वतः विंडोज सिक्युरिटी उघडा आणि प्रोटेक्शन हिस्टरी बघा, खरंच काही झालं असेल तर तिथे नोंद असणार.

सगळ्यात सोपी खूण फोन नंबर. मायक्रोसॉफ्टने स्वतःच सांगून ठेवलंय की त्यांच्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. निळी स्क्रीन आली आणि तिच्यावर नंबर आहे? खोटी. घड्याळ उलटं मोजतंय, पाच मिनिटांत कॉल करा म्हणतंय? तेही खोटंच.

एक घोळ मात्र होतो. क्रोम, फायरफॉक्स, एज हे ब्राउझर स्वतःसुद्धा लाल पान दाखवतात, "ही साइट धोकादायक आहे" म्हणून, आणि ते खरं असतं. फरक असा की ते पान तुम्हाला मागे फिरायला सांगतं. काही डाउनलोड करा, कॉल करा, पैसे भरा असं ते कधी म्हणत नाही.

मी साधी बातमी वाचत होतो, वाईट साइटवर गेलोच नाही. तरी आलं कसं?

जाहिरातींमधून. बहुतेक साइट्स जाहिरातींची जागा नेटवर्कला देऊन टाकतात, तिथे कुठली जाहिरात दिसणार हे पान उघडताना क्षणात ठरतं आणि साइटवाल्यालाही ते माहीत नसतं, त्यातच एखादी अशी घुसते की ती तुम्हाला उचलून दुसऱ्याच पानावर नेऊन टाकते. शिवाय ॲड्रेस टाइप करताना एक अक्षर चुकणं, सर्चमध्ये सगळ्यात वर येणारी स्पॉन्सर्ड लिंक, हॅक झालेली एखादी जुनी साइट, असे बरेच रस्ते आहेत. त्यामुळे घरात कुणाच्या स्क्रीनवर हे आलं की "काय बघत होतास" म्हणून दटावू नका, दटावणीच्या भीतीने लोक लपवतात आणि लपूनछपून त्या नंबरवर फोन करतात.

ॲड ब्लॉकर, म्हणजे जाहिराती अडवणारं ब्राउझरचं छोटं सॉफ्टवेअर, लावा. अमेरिकेच्या एफबीआयनेसुद्धा डिसेंबर २०२२ मध्ये सर्च करताना ॲड ब्लॉकर वापरा असा जाहीर सल्ला दिला होता. फक्त तो ब्राउझरच्या अधिकृत स्टोअरमधून आणि नाव नीट वाचून घ्या, कारण नावाजलेल्या ब्लॉकरच्या नकलाही फिरत असतात.

ब्राउझर बंद असला तरी कोपऱ्यातून "तुमचा पीसी इन्फेक्टेड आहे" असं येतच राहतं. आता तरी व्हायरस असणार ना?

बहुतेक वेळा नाही, आणि यासाठी फॉरमॅट मारायची अजिबात गरज नसते, पण लोक मारतात!

झालेलं असं असतं की कधीतरी कुठल्यातरी साइटने "तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करायला अलाऊ दाबा" किंवा "व्हिडिओ बघायला अलाऊ दाबा" म्हटलं आणि तुम्ही दाबलं. ती परवानगी नोटिफिकेशन पाठवायची होती. आता ती साइट उघडी नसली तरी ब्राउझरमार्फत तुमच्या डेस्कटॉपवर काहीही पाठवू शकते, आणि ब्राउझर खिडकी बंद केल्यावरही मागे चालू राहू शकतो. त्या सूचना विंडोजच्या सूचनांसारख्याच दिसतात, वर अँटिव्हायरस कंपनीचा लोगो डकवलेला, म्हणून ओळखू येत नाही. नीट बघितलं तर सूचनेत बारीक अक्षरात साइटचं नाव आणि ब्राउझरचं चिन्ह असतं.

क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी मिळालेल्या साइट्सची यादी दिसेल, अनोळखी नावं काढून टाका. एज आणि फायरफॉक्समध्येही असंच कुठेतरी असतं, सेटिंग्जच्या सर्चमध्ये नोटिफिकेशन लिहा, सापडेल. आणि तिथेच कुठल्याही साइटला नोटिफिकेशनचं विचारूच देऊ नका असाही पर्याय असतो, तो लावून टाका. माझ्या मते ब्राउझरमधलं इतकं निरुपयोगी फीचर दुसरं नाही, मेल आणि चॅट सोडले तर कुणालाच ही परवानगी लागत नाही.

समजा त्या नंबरवर फोन केला, तर नक्की होतं काय?

पलीकडचा माणूस अतिशय नम्र असतो, हे आधी लक्षात घ्या. तो तुम्हाला रिमोट ॲक्सेसचं सॉफ्टवेअर टाकायला सांगतो, एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, अल्ट्राव्ह्यूअर असं काहीतरी. ही सॉफ्टवेअरं स्वतः खोटी नाहीत, ऑफिसातले आयटीवाले रोज वापरतात, म्हणूनच अँटिव्हायरस त्यांना सहसा अडवत नाही. कोड सांगितलात की माउस त्याच्या हातात.

मग खेळ सुरू होतो. विंडोजमधलं इव्हेंट व्ह्यूअर उघडून तो लाल-पिवळ्या खुणांची लांबलचक यादी दाखवतो आणि म्हणतो बघा किती इन्फेक्शन. अशी यादी नव्याकोऱ्या, धडधाकट कॉम्प्युटरवरही असते, कुठली तरी सर्व्हिस दोन सेकंद उशिरा सुरू झाली अशा बारीकसारीक नोंदी असतात त्या. किंवा काळी खिडकी उघडून नेटस्टॅट टाइप करतो, त्यात फॉरिन ॲड्रेस असा रकाना येतो, म्हणे परदेशातले हॅकर आत शिरलेत. तो रकाना म्हणजे तुमचा कॉम्प्युटर ज्या सर्व्हरशी बोलतोय त्यांचे पत्ते, बस. अजून एक जुना डाव आहे, ॲसॉक नावाची कमांड चालवून शेवटी दिसणारा ८८८डीसीए६० ने सुरू होणारा मोठा नंबर "हा तुमच्या कॉम्प्युटरचा खास लायसन्स आयडी" म्हणून वाचून दाखवायचा, आणि तो जुळला की लोकांचा विश्वास बसतो. जुळणारच, विंडोजच्या सगळ्या कॉम्प्युटरवर तो तोच असतो.

यानंतर पैसे. कधी सरळ "लाइफटाइम प्रोटेक्शन"चा प्लॅन विकतात. कधी काही महिन्यांनी परत फोन येतो की कंपनी बंद होतेय, तुमचे पैसे परत करायचेत, आणि बँकेची साइट उघडायला लावतात. मग स्क्रीन काळी करून त्या पानावरचा आकडा बदलतात, जो ब्राउझरमधल्या इन्स्पेक्टच्या सोयीने कुणालाही तात्पुरता बदलता येतो, पान रिफ्रेश केलं की जातो. तुम्हाला दिसतं की दहापट रक्कम जमा झाली, तो रडकुंडीला येतो, माझी नोकरी जाईल हो, जास्तीचे परत करा. परत करता तुम्ही, तेही गिफ्ट कार्ड किंवा क्रिप्टोमध्ये, आणि जातात ते तुमचेच पैसे. गिफ्ट कार्डचे नंबर फोनवर मागणारा कुठलाही माणूस, मग तो कुणाचंही नाव सांगो, चोर आहे.

झालं माझं, कंट्रोल देऊन बसलो. आता?

इंटरनेट तोडा. वायफाय बंद, केबल काढा, त्याचा हात तिथेच सुटतो. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवरून किंवा फोनवरून आधी बँकेला कळवा, नंबर कार्डाच्या मागचा घ्या, सर्च करून मिळालेला नको कारण तिथेही खोटे कस्टमर केअर बसलेले असतात. कार्ड ब्लॉक, नेट बँकिंगचा पासवर्ड बदल, आणि कुठला व्यवहार तुम्ही केला नाही हे स्पष्ट सांगा. जितकं लवकर तितकं बरं, पैसे अडवायची संधी पहिल्या काही तासांतच असते. सायबर पोलिसांत तक्रारही करा.

मग ईमेलचा पासवर्ड, कारण बाकी सगळ्या अकाउंटचे पासवर्ड ईमेलवरूनच रीसेट होतात. त्यानंतर कॉम्प्युटर: रिमोटचं सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल करा, त्या तारखेला आणखी काय काय इन्स्टॉल झालं ते बघून तेही काढा, विंडोज डिफेंडरचा (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) ऑफलाइन स्कॅन चालवा, हा स्कॅन विंडोज सुरू व्हायच्या आधी चालतो म्हणून लपून बसलेलंही सापडू शकतं. पण तो माणूस बराच वेळ आत होता आणि काय केलं ते तुम्हाला दिसलं नाही असं असेल तर फायलींचा बॅकअप घेऊन विंडोज नव्याने टाका, मी तर तेच सुचवेन.

एका साइटने "रोबोट नाही" सिद्ध करायला विंडोज आणि आर दाबा, मग पेस्ट करून एंटर मारा असं सांगितलं. करू का?

नाही!! हा २०२४ पासून जोरात पसरलेला प्रकार आहे आणि वरच्या सगळ्यांपेक्षा जास्त घातक आहे, कारण यात खराखुरा मालवेअर, म्हणजे नुकसान करणारं सॉफ्टवेअर, येतो. पानाने तुमच्या क्लिपबोर्डवर (कॉपी केलेलं जिथे साठतं तिथे) गुपचूप एक कमांड टाकलेली असते, विंडोज आणि आर दाबलं की रन नावाची चौकट उघडते, पेस्ट आणि एंटर केलं की ती कमांड तुम्ही स्वतःच्या हाताने चालवता. मॅकवाल्यांना हेच टर्मिनलमध्ये करायला सांगतात. कुठलाही खरा कॅप्चा, म्हणजे "रोबोट नाही"ची चाचणी, ब्राउझरच्या बाहेर काही करायला सांगत नाही.

केलं असेल तर नेट तोडा, आणि दुसऱ्या डिव्हाइसवरून पासवर्ड बदलताना "सगळीकडून लॉगआउट करा" हा पर्याय आवर्जून वापरा. असा मालवेअर ब्राउझरमधल्या लॉगिन झालेल्या कुकीजच (तुम्ही आधीच लॉगिन आहात हे साइटला सांगणाऱ्या छोट्या नोंदी) चोरतो, त्यांच्या जोरावर पासवर्ड आणि ओटीपीशिवाय आत शिरता येतं. आणि या बाबतीत विंडोज नव्याने टाकाच.

मी एकच सॉफ्टवेअर टाकलं, सोबत टूलबार, नवीन ब्राउझर, पीसी क्लीनर असं चार जणांचं कुटुंब आलं. हे व्हायरस आहेत का?

कायद्याच्या भाषेत बहुधा नाहीत, कारण तुम्ही "ॲग्री" दाबलेलं असतं. त्याचमुळे अँटिव्हायरसवाले त्यांना व्हायरस न म्हणता संभाव्य नको असलेले प्रोग्राम असं जपून म्हणतात. फुकट सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलरमध्ये दुसऱ्याचं सॉफ्टवेअर घुसवलं की प्रत्येक इन्स्टॉलमागे कमिशन मिळतं, हा सगळा धंदा त्यावर चालतो.

आणि यात फक्त फालतू साइट्सच होत्या असं नाही. जावाच्या इन्स्टॉलरमध्ये कित्येक वर्षं आस्क टूलबारची खूण आधीच केलेली असायची. सोर्सफोर्जसारख्या नावाजलेल्या साइटवर २०१५ मध्ये गिंप या फोटो एडिटिंगच्या फुकट सॉफ्टवेअरच्या विंडोज इन्स्टॉलरला असंच काही चिकटवल्यावरून मोठा गदारोळ झाला, पुढच्या वर्षी नव्या मालकांनी तो प्रकार बंद केला. लेनोवोच्या काही लॅपटॉपमध्ये तर सुपरफिश नावाचं जाहिराती घुसवणारं सॉफ्टवेअर फॅक्टरीतूनच आलं होतं, फेब्रुवारी २०१५ मध्ये उघड झालं की त्याच्यामुळे सुरक्षित वेबसाइट्सचं कनेक्शनसुद्धा फोडता येत होतं. म्हणजे मोठं नाव बघून डोळे मिटायचे नाहीत.

मग इन्स्टॉल करताना बघायचं काय?

घाई करू नका, नेक्स्ट नेक्स्ट करत सुटू नका. एक्सप्रेस किंवा रेकमेंडेड ऐवजी कस्टम किंवा ॲडव्हान्स्ड निवडा, लपवलेल्या खुणा तिथेच दिसतात. मधल्याच एखाद्या पायरीवर वेगळ्याच सॉफ्टवेअरचं नाव आलं तर तिथे डिक्लाइन दाबा, ते बटण मुद्दाम फिकट रंगात ठेवतात म्हणजे बंद पडलेलं वाटावं, पण चालतं.

डाउनलोड बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवरून किंवा मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरून. सर्च केल्यावर सगळ्यात वर येतं ते बहुतेकदा जाहिरात असते, तिच्यावर विसंबू नका. ॲड्रेसमध्ये कुलपाचं चिन्ह आहे म्हणजे साइट खरी असंही नाही, मधे कुणी वाचू शकत नाही एवढंच त्यातून कळतं, चोराच्या साइटलाही कुलूप असतंच. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबद्दल मी काही लिहीत नाही, "आधी अँटिव्हायरस बंद करा" असं जे सॉफ्टवेअर स्वतःच सांगतं त्याच्याबद्दल अजून काय लिहायचं.

पीसी क्लीनर, रजिस्ट्री क्लीनर, ड्रायव्हर अपडेटर, यातलं काही घ्यावं का?

नको. ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून येतात, कचरा काढायला विंडोजमध्येच स्टोरेज सेन्स आहे, आणि रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची सेटिंग्ज साठवायची जागा, साफ करून कॉम्प्युटर पळायला लागतो हा निव्वळ भ्रम आहे, उलट काही मोडलं तर विंडोज नव्याने टाकायची पाळी येते.

फुकट स्कॅन करून "१२४३ प्रॉब्लेम सापडले, दुरुस्त करायला पैसे भरा" म्हणणाऱ्यांबद्दल एक खरा किस्सा. अमेरिकेत ऑफिस डेपो आणि सपोर्ट डॉट कॉम या कंपन्यांवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने आरोप ठेवला की त्यांचं पीसी हेल्थ चेक स्कॅनच्या आधी ग्राहकाला कॉम्प्युटर हळू चालतो का, पॉप-अप येतात का असे काही प्रश्न विचारायचं, आणि एकालाही हो म्हटलं की स्कॅनमध्ये काहीही निघो, मालवेअरची लक्षणं आहेत असंच सांगायचं. २०१९ मध्ये दोघांनी मिळून साडेतीन कोटी डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं. २०२४ मध्ये रेस्टोरो आणि रीइमेज यांच्याकडूनही अशाच खोट्या अलर्टच्या आरोपावरून २.६ कोटी डॉलर घेतले गेले.

पैसे देऊन अँटिव्हायरस घ्यायलाच हवा का?

बहुतेकांना नाही. विंडोज ८ पासून डिफेंडर आतच येतो आणि तो आता चांगला आहे, फक्त अपडेट चालू ठेवा. एक सेटिंग मात्र जाऊन बघा: विंडोज सिक्युरिटी, ॲप अँड ब्राउझर कंट्रोल, रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शन, आणि तिथे नको असलेली ॲप अडवण्याचं बटण ऑन. टूलबार आणि क्लीनर मंडळींना तेच अडवतं. आणि एका वेळी दोन अँटिव्हायरस चालवू नका, एकमेकांच्या पायात पाय घालतात.

नव्या लॅपटॉपवर ट्रायलचा अँटिव्हायरस असतो, तो संपला की "तुम्ही धोक्यात आहात" म्हणून रोज ओरडतो. तो खरा असतो पण भाषा अगदी चोरांचीच वापरतो, त्यामुळे लोकांना खरं-खोटं ओळखता येत नाही, याचा थोडा दोष मी या कंपन्यांनाही देतो. अनइन्स्टॉल करा, डिफेंडर आपोआप जागा होतो.

"फ्लॅश प्लेअर अपडेट करा" असं आलं.

फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं. आता त्याचं जे काही अपडेट येतं ते खोटंच.

माझ्याकडे मॅक आहे, मला काय त्याचं?

मॅक डिफेंडर नावाचा खोटा अँटिव्हायरस २०११ मध्येच येऊन गेला. भीती घालून पैसे उकळायला सिस्टिम कुठलीही चालते.

ब्राउझरचं होमपेज आणि सर्च इंजिन आपोआप बदलतंय, मी परत नीट केलं तरी बदलतं.

एखादं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर) किंवा मागे चालणारा प्रोग्राम ते करतोय. आधी एक्स्टेन्शन्सच्या यादीतून ओळखीची नसलेली सगळी काढा, पीडीएफ कन्व्हर्टर, कूपन, हवामान अशा नावाची विशेषतः. मग विंडोजच्या इन्स्टॉल झालेल्या ॲप्सची यादी तारखेप्रमाणे लावून संशयित काढा, आणि शेवटी ब्राउझरच्या सेटिंग्ज रीसेट. तरी राहिलंच तर मालवेअरबाइट्सचं ॲडव्हक्लीनर फुकट आहे आणि खास याच कामाचं आहे. घरच्या कॉम्प्युटरवर क्रोम "तुमच्या संस्थेकडून मॅनेज केला जातोय" असं दाखवत असेल तर कुणीतरी पॉलिसी, म्हणजे ब्राउझरवर वरून लादलेली सेटिंग, घुसवलीय, अशा वेळी जाणकाराला दाखवा.

अँटिव्हायरस रिन्यू झाला, पैसे कापले जाणार, नको असेल तर या नंबरवर कॉल करा असा ईमेल आलाय.

लाल पानाचाच हा ईमेलवरचा भाऊ. मेलमध्ये लिंक नसते, फक्त बिल आणि नंबर, म्हणून स्पॅम फिल्टरमधूनही सुटतो. पैसे खरंच कापले गेलेत का ते बँकेच्या ॲपमध्ये बघा. कापले नसतील तर मेल डिलीट.

एकदा फसलो. आता कुणीतरी फोन करून म्हणतंय, तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो, थोडी फी लागेल.

फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात, तुमचं नाव त्या यादीत गेलंय. तो वकील म्हणेल, सायबर अधिकारी म्हणेल, तुमची किती रक्कम गेली हेही बरोबर सांगेल कारण ते त्याला आधीच्या चोरानेच सांगितलेलं असतं, काही वेळा तर तो तोच असतो. पैसे परत करायला आधी पैसे मागितले की फोन ठेवा, नंबर ब्लॉक करा, आणि तक्रार केली असेल तिथे हा नवा नंबरही कळवा.